आप्पांच्या फाइलमधले चौदा कागद

त्या फाइलमध्ये चौदा कागद होते. रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी क्रमाने सांगेन. वर आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हेल्थ इन्शुरन्सचा क्लेम नाकारल्याचं पत्र, त्याखाली माझा अर्ज, मग पॉलिसीची पानं, हार्टच्या डॉक्टरांचं पत्र, आमच्या गावच्या डॉक्टरांचा जून २०२२ चा केसपेपर, त्यांनीच दिलेलं सर्टिफिकेट, आणि सगळ्यात खाली आप्पांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं पिवळं कार्ड. शेवटचे चार ओरिजिनल. ही फाइल मी स्वतःच्या हाताने इन्शुरन्स कंपनीच्या ब्रँचमध्ये टेबलावर ठेवली आणि तिथून ती कुठे गेली ते आजपर्यंत कुणालाही सांगता आलेलं नाही.

कंपनीचं नाव लिहीत नाहीये. ज्यांच्या घरात आत्ता असंच काही चालू आहे त्यांना उपयोगी पडावं म्हणून लिहितेय, त्यामुळे जरा लांबेल, पण सगळं सांगते.

ऑगस्ट २०२४. आप्पांना रात्री अकराच्या सुमारास छातीत दुखायला लागलं, घाम फुटला, आईने शेजारी राहणाऱ्या चुलतभावाला हाक मारली आणि त्याने गाडीत घालून साताऱ्याला नेलं. कोरेगावच्या पुढे आमचं गाव आहे, तासाभराच्या आत पोचले ते, आणि तेवढ्यामुळेच आप्पा आज आहेत. मी तेव्हा पुण्यात. कॅज्युअल्टीत ड्युटीवरच्या डॉक्टरने विचारलं, शुगर आहे का, बीपी आहे का, किती वर्षांपासून. आईच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, म्हणून भावाने उत्तरं दिली. तो म्हणाला बीपी आहे, दहा वर्षं झाली असतील. दहा वर्षांपासून बीपी आईला आहे, आप्पांना नाही. पण घरात दोघांच्या गोळ्या एकाच डब्यात असतात आणि रात्री साडेबाराला स्ट्रेचरशेजारी उभं राहून कोण हिशोब करणार. त्याच्यावर मी एका शब्दानेही रागावलेले नाही, तो नसता तर पुढचं काहीच लिहायची वेळ आली नसती.

सकाळी अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट. बिल झालं २,१८,४६० रुपये. कॅशलेस मंजूर झालं नाही, जास्त पडताळणी लागेल, तुम्ही भरा आणि नंतर रिएम्बर्समेंटला टाका असं टीपीएच्या, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या एजन्सीच्या, डेस्कवरून सांगितलं. एफडी मोडली, थोडे माझ्या खात्यातले, थोडे दादाने पाठवले. मग रीतसर क्लेम टाकला, क्लेम फॉर्मचा पहिला भाग आम्ही भरायचा, दुसरा हॉस्पिटलने, सोबत डिस्चार्ज समरी, बिलं, पावत्या, स्टेंटच्या खोक्यावरचं स्टिकर, कॅन्सल चेक, सगळं. कंपनीने माणूस पाठवून हॉस्पिटलमध्ये चौकशी केली. आणि १४ ऑक्टोबरला पत्र आलं की पेशंटला दहा वर्षांपासून उच्च रक्तदाब आहे, तो पॉलिसी घेताना सांगितला नव्हता, सबब क्लेम नामंजूर.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण मलाही ती आधी माहीत नव्हती. पॉलिसी मार्च २०२० ची. जुन्या आजारांचा तीन वर्षांचा वेटिंग पिरियड, म्हणजे ज्या काळात त्या आजाराचा क्लेम मिळत नाही तो काळ, कधीच संपला होता, म्हणून मला वाटलं बीपी जुनं असो की नवं, आता काय फरक पडतो. पण फरक पडतो. वेटिंग पिरियड फक्त तुम्ही सांगितलेल्या आजारासाठी असतो. सांगितलाच नाही असं कंपनीला वाटलं तर ती ‘माहिती लपवली’ म्हणून क्लेम नाकारू शकते. हे असं म्हणायची मुदत सलग पाच वर्षं, त्याला मोरॅटोरियम म्हणतात, त्यानंतर उघड फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला तसं म्हणता येत नाही. २०२४ च्या आधी ही मुदत आठ वर्षं होती. आप्पांच्या पॉलिसीला पाच वर्षं व्हायला सात महिने कमी पडले. म्हणजे सगळा प्रश्न एवढ्यावर येऊन थांबला, की आप्पांना बीपी मार्च २०२० च्या आधी होतं की नंतर झालं.

नंतर झालं होतं. गावच्या डॉक्टरांनी जून २०२२ मध्ये पहिल्यांदा गोळी चालू केली, तो केसपेपर घरात होता. आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन जानेवारी २०१९ मध्ये झालं होतं, त्याच्या आधी फिटनेससाठी बीपी तपासतात, ते त्या पिवळ्या कार्डावर पेनाने लिहिलेलं होतं, १२६/८०. मोतीबिंदूचं आम्ही प्रपोजल फॉर्ममध्ये लिहिलंही होतं, काही लपवलेलं नव्हतं. कार्ड आईच्या ट्रंकेत सापडलं, ऑपरेशननंतर घालायच्या काळ्या चष्म्याच्या खोक्यात घडी करून ठेवलेलं. ते हातात आलं तेव्हा मला वाटलं झालं काम.

म्हणून ११ नोव्हेंबरला साताऱ्यातल्या ब्रँचमध्ये गेले. तिथल्या माणसाने फाइल चाळली, व्यवस्थित बोलले, म्हणाले, “ताई, हे आम्ही वर ग्रीव्हन्सला पाठवतो, ओरिजिनल लागतील, राहू द्या.” ग्रीव्हन्स म्हणजे कंपनीचा तक्रार विभाग. मी पोच मागितली. शिक्का आज साहेबांच्या ड्रॉवरमध्ये आहे, साहेब बाहेर गेलेत, तुम्ही काळजी करू नका म्हणाले. मला साडेबाराची एसटी पकडायची होती. मी निघाले. ज्या झेरॉक्सवाल्याच्या समोरून मी स्टँडकडे चालत गेले तो दुकान उघडून बसला होता, हे मला अजून दिसतं.

तीन आठवड्यांनी कॉल सेंटरला फोन केला तर, अपील मिळालं आहे का हो, नाही मॅडम, सिस्टिमला काही दिसत नाही. ब्रँचला फोन केला तर आम्ही १२ तारखेलाच कुरियरने मुंबईला पाठवलंय. मुंबईला विचारलं तर इनवर्डला नोंद नाही. कुरियरचा नंबर मागितला तर शोधून सांगतो. असं दहा दिवस. शेवटी एक ईमेल आला की आपल्याकडून कोणतीही कागदपत्रं प्राप्त न झाल्याने आधीचा निर्णय कायम आहे. त्या दिवशी मी ऑफिसातून लवकर घरी आले आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. पैशाचं होतंच, पण आप्पा फोनवर म्हणाले, “जाऊ दे बाळ, आपण खोटं बोललो असं त्यांना वाटतंय, वाटू दे,” आणि ते मला सहन झालं नाही. आयुष्यभर सहकारी सोसायटीत सचिव म्हणून काम केलेला माणूस, ज्याच्या वहीत कधी एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही, त्याच्या नावापुढे माहिती लपवली असं लिहिलेलं, आणि ते खोडून काढणारे कागद हरवलेले.

मग ब्रँचमधून एक सूचना आली आणि ती मुद्दाम सांगते, कारण तिथे चूक होऊ शकली असती. म्हणाले, तुम्ही स्टॅम्पपेपरवर लिहून द्या की कागद गहाळ झालेत, पोलीस स्टेशनला हरवल्याची नोंद करा, मग झेरॉक्सवर विचार करता येईल. मी जवळजवळ तयार झाले होते. दादाने अडवलं. तो म्हणाला, तू तुझ्या सहीने लिहून देणार की कागद हरवले, म्हणजे ते तुझ्याकडून हरवले असा अर्थ होतो, आणि तू तर ते दिलेत. मग मी पत्र लिहिलं पण माझ्या शब्दांत, “दि. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी आपल्या शाखेत समक्ष जमा केलेली माझ्या वडिलांची मूळ कागदपत्रे आपल्या ताब्यातून गहाळ झाली आहेत.” आपल्या ताब्यातून, हे दोन शब्द महत्त्वाचे. आणि पुरावा म्हणून त्याच माणसाचा व्हॉट्सअॅप मेसेज जोडला, कारण घरी आल्यावर मी सहज विचारलं होतं की पाठवली का फाइल, आणि त्यांनी उत्तर दिलं होतं, “हो ताई फाइल मिळाली आहे उद्या कुरियरला टाकतो.” शिक्का नव्हता पण तारीख आणि वेळेसकट हे होतं. तुमच्याकडे पोच नसेल तर आधी आपले मेसेज शोधा, एजंटचे, ब्रँचच्या माणसाचे, कॉल सेंटरचे एसएमएस, काही ना काही निघतं. आणि सापडलं की लगेच स्क्रीनशॉट काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा.

माझ्याकडे फाइलचे फोटो होते, पण चौदापैकी नऊच पानांचे, दादाला दाखवायला म्हणून काढलेले. केसपेपरची पुढची बाजू होती, मागची नव्हती. पिवळ्या कार्डाचा एकही नव्हता.

आठवडाभर मी नुसती विचार करत होते की हे परत कसं मिळवायचं, आणि मग लक्षात आलं की आपल्याला मिळालेला प्रत्येक कागद हा कुठल्यातरी रजिस्टरचा, कुठल्यातरी कॉम्प्युटरचा उतारा असतो. आपल्या हातातला गेला तरी तो जिथे जन्मला तिथे त्याची काहीतरी खूण राहिलेली असते. मग मी दोन दिवस रजा टाकली, शनिवार रविवार धरून चार दिवस गावी गेले, आणि एकेक जागा धरली.

पहिली जागा हॉस्पिटल. आधी मी फक्त हार्टच्या डॉक्टरांचं पत्र परत मागणार होते, पण मग म्हटलं आता जातेच आहे तर अॅडमिट असतानाचे सगळे केसपेपर मागू, ज्याला इनडोअर पेपर म्हणतात, नर्सच्या नोट्स, डॉक्टरांच्या राउंडच्या नोट्स, सगळं. मेडिकल रेकॉर्डच्या खिडकीवर सांगितलं महिनाभर लागेल. भांडले नाही, अर्जात फक्त एक ओळ लिहिली, की भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने मागितल्यावर रेकॉर्ड ७२ तासांत द्यायचं असतं. अर्ज आप्पांच्या सहीने, त्यांच्या आधारची झेरॉक्स, आणि माझ्यासाठी अधिकारपत्र. या वेळी अर्जाच्या दुसऱ्या कॉपीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलले नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, पानाप्रमाणे पैसे भरून ८३ पानांचा गठ्ठा मिळाला. याच नियमांत अॅडमिट पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायला सांगितलंय, म्हणजे त्याहून उशीर केला तर मिळेलच याची खात्री नाही, त्यामुळे क्लेमचा वाद असो नसो, डिस्चार्ज झाल्या झाल्याच इनडोअर पेपर मागून ठेवावेत असं माझं आता ठाम मत झालंय.

तो गठ्ठा मी स्टँडवरच्या बाकड्यावर बसून वाचायला घेतला. चौथ्या पानावर कॅज्युअल्टीची नोंद, घाईघाईतलं अक्षर, बीपी दहा वर्षं. हे पान कंपनीकडे होतं. पान उलटलं, अजून दोन उलटली, आणि सातव्या पानावर दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी राउंडला स्वतः आप्पांशी बोलून लिहिलेली हिस्टरी. हिरव्या शाईत. त्यात लिहिलं होतं, रक्तदाब दोन वर्षांपासून, टेल्मिसार्टन ४० चालू. सकाळ सव्वानऊची वेळ आणि खाली सही. मी ते तीनदा वाचलं. चौकशीला आलेल्या माणसाने एकच पान नेलं होतं, पुढचं नेलंच नव्हतं. आणि मीही ते कधी बघितलं नसतं, कारण पहिल्या फाइलमध्ये हे पान नव्हतंच. मी आप्पांना तिथूनच फोन लावला आणि गाड्यांच्या आवाजात ओरडून सांगितलं. ते म्हणाले, “हो की, सकाळी आले होते डॉक्टर, मी सांगितलं होतं त्यांना.” एवढंच. चार महिने आम्ही कुणी त्यांना विचारलंच नव्हतं.

दुसरी जागा गावचे डॉक्टर. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, पण रोजची ओपीडी एका लांब रजिस्टरमध्ये लिहितात आणि ती रजिस्टरं वर्षवार बांधून फळीवर ठेवलेली असतात. २०२२ चं काढलं, जूनची पानं उलटली, आणि आप्पांचं नाव, त्यापुढे १५८/९६, गोळीचं नाव, फी ८० रुपये. त्या पानाची झेरॉक्स काढताना बाकीच्या पेशंटची नावं कागद ठेवून झाकली, हे त्यांनी स्वतःहून केलं. सर्टिफिकेट नव्याने लिहून दिलं, त्यात रजिस्टरचा अनुक्रमांक टाकला, आणि “आधी दिलेले सर्टिफिकेट विमा कंपनीकडून गहाळ झाल्याने पुन्हा देत आहे” हेही लिहिलं. तारीख आजचीच टाकली. काही जण सांगतात की जुनी तारीख टाकून घ्या, अजिबात घेऊ नका, खरं असलेलं प्रकरणही त्याने खोटं दिसायला लागतं. मी पैसे विचारले तर म्हणाले, “पोरी, तुझ्या आप्पांनी माझं पीक कर्ज वेळेत केलं होतं,” आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

तिसरी जागा मेडिकल, आणि ही मला आधी सुचली नव्हती, दुकानासमोरून जाताना सुचली. आप्पा सगळ्या गोळ्या एकाच दुकानातून घेतात आणि बिल फोन नंबरवर निघतं. दुकानदाराने नंबर टाकला, सगळी यादी आली, २०२१ पासूनची, त्याच्या आधी सॉफ्टवेअर वेगळं होतं. २०२१ मध्ये खोकल्याचं औषध, पोटाच्या गोळ्या, एकदा मलम. बीपीची पहिली स्ट्रिप १७ जून २०२२. तिथून पुढे दर महिन्याला न चुकता. दोन पानं प्रिंट झाली, त्यांनी प्रत्येकावर दुकानाचा शिक्का, सही आणि लायसन्स नंबर टाकून दिला. माझ्या मते आमच्या अख्ख्या अर्जात या दोन पानांइतकं साधं आणि कुणालाही लगेच समजेल असं दुसरं काही नव्हतं.

चौथी जागा डोळ्यांचं हॉस्पिटल. २०१९ ची गोष्ट, तीन वर्षं केव्हाच उलटलेली, मी फार आशा न ठेवता गेले. तिथल्या मावशी म्हणाल्या, केसपेपर नसतील, पण ऑपरेशनचं रजिस्टर ठेवतो आम्ही. लाल कापडी बांधणीचं, माझ्या हाताएवढं रुंद. त्यांनी ओढणीने धूळ पुसली आणि बोट फिरवत फिरवत जानेवारीत आल्या. नाव, वय, उजवा डोळा, लेन्सचा नंबर, शुगर, आणि मग बीपी १२६/८०. तो आकडा बघून मी त्या मावशींचा हात धरला. पानाची झेरॉक्स, त्यावर ‘मूळ नोंदीबरहुकूम’ असा शिक्का, खाली सही. पिवळं कार्ड परत आलं नाही पण त्यावरचा आकडा परत आला.

जानेवारीत नवीन अपील कंपनीच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला पाठवलं. या वेळी प्रत्येक पानावर उजव्या कोपऱ्यात पेनाने नंबर, १ ते ४१, वर एक यादी की कुठल्या पानावर काय, आणि शेवटी “एकूण ४१ पाने” लिहून सही. सगळं स्कॅन करून ईमेल, आणि तेच स्पीड पोस्टने, झेरॉक्सच, ओरिजिनल एकही नाही. ओरिजिनल बघायची असतील तर तारीख कळवा, मी समक्ष घेऊन येईन आणि दाखवून परत नेईन, असं लिहिलं. स्पीड पोस्टचा नंबर त्याच ईमेलवर टाकला आणि ट्रॅकिंगला पोचलं दिसल्यावर त्याचा स्क्रीनशॉट परत त्याच ईमेलच्या धाग्यात. हे सगळं एकाच धाग्यात ठेवायचं, दरवेळी नवीन ईमेल केला की तो नवीन माणसाकडे जातो आणि तुम्ही परत पहिल्यापासून सांगत बसता.

अर्जात अजून दोन मुद्दे घातले. आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २९ मे २०२४ ला हेल्थ इन्शुरन्ससाठी मास्टर सर्क्युलर काढलंय, त्यात म्हटलंय की क्लेमसाठी लागणारे कागद कंपनीने किंवा टीपीएने हॉस्पिटलकडून घ्यायचे, ग्राहकाला पळवायचं नाही. आणि कुठलाही क्लेम कंपनीच्या रिव्ह्यू कमिटीच्या मंजुरीशिवाय नाकारायचा नाही. मी विचारलं की आमचा क्लेम कमिटीपुढे कुठल्या तारखेला गेला, आणि तेव्हा सातवं पान कमिटीपुढे होतं का. त्याच वेळी आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवली, तिथे टोकन नंबर मिळतो. ज्यांना ऑनलाइन जमत नाही त्यांच्यासाठी १५५२५५ हा टोल फ्री नंबर आहे.

कंपनीचं उत्तर फेब्रुवारीत आलं, तीन ओळी, निर्णय कायम. सातव्या पानाबद्दल एक अक्षर नाही.

मग विमा लोकपाल, म्हणजे ग्राहक आणि विमा कंपनी यांच्यातले वाद सोडवणारं ऑफिस. आमचा सातारा पुण्याच्या ऑफिसकडे येतो, नारायण पेठेत, न. चिं. केळकर रोडवर जीवन दर्शन इमारतीत. आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली हवी, तिचं उत्तर पटलं नाही किंवा महिनाभरात उत्तरच आलं नाही की इथे जाता येतं, आणि कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जायचं. ५० लाखांपर्यंतची प्रकरणं घेतात. फी नाही, वकील नाही. वकील न लागणं हे आमच्यासारख्यांना किती मोठं आहे ते सांगायला नको, मला दोन जणांनी आधीच ग्राहक न्यायालयाचा वकील सुचवला होता. तक्रार ऑनलाइन करता येते, मी ऑनलाइन केली आणि ४१ पानं अपलोड केली, नंतर त्यांनी संमतीचा फॉर्म भरून घेतला.

सुनावणी जुलैमध्ये झाली. आप्पांना मी म्हटलं तुम्ही नका येऊ, मी अधिकारपत्र घेऊन जाते, पण ते ऐकले नाहीत. आदल्या दिवशी पुण्याला आले, सकाळी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, टोपी घातली, आणि रिक्षात बसल्यापासून ओरिजिनलची फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवली. लक्ष्मी रोडच्या गर्दीत रिक्षा थांबली तरी हात सोडले नाहीत. आत गेल्यावर सगळं वीसेक मिनिटांत झालं. कंपनीच्या प्रतिनिधींनी कॅज्युअल्टीचं पान दाखवलं. आम्ही सातवं पान दाखवलं, मग मेडिकलची यादी, मग डोळ्यांच्या हॉस्पिटलची नोंद. आम्हाला शांतपणे बोलू दिलं, मध्ये कुणी तोडलं नाही. ब्रँचमध्ये दिलेल्या फाइलचं काय झालं हे कंपनीला विचारलं गेलं आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. आप्पांना विचारलं तुम्हाला काही सांगायचंय का. ते उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, मला जे झालं ते मी सांगितलं, जे झालं नव्हतं ते कसं सांगणार.”

निकाल ऑगस्टमध्ये पोस्टाने आला, आमच्या बाजूने. ग्लोव्हज वगैरे पॉलिसीत न बसणारे ४,३१० रुपये वजा करून २,१४,१५० मंजूर. निकाल मिळाल्यापासून कंपनीने ३० दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाही दिले तर २०२४ च्या त्याच सर्क्युलरप्रमाणे दिवसाला ५,००० रुपये तक्रारदाराला द्यावे लागतात. आमचे २३ व्या दिवशी जमा झाले. आप्पांनी पासबुकवर एंट्री मारून आणली आणि मला फोटो पाठवला, मग म्हणाले त्या पत्रातलं ते माहिती लपवल्याचं वाक्य आता राहिलं का गेलं. मी निकालपत्रातला तो परिच्छेद त्यांना फोनवर वाचून दाखवला, दोनदा, कारण आई तेवढ्यात आतून आली आणि तिलाही ऐकायचं होतं.

पिवळं कार्ड अजून मिळालेलं नाही. त्यावर तेव्हाच्या डॉक्टरांची सही होती, आणि मागच्या बाजूला आईने थेंब घालायच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या, सकाळी सात, दुपारी बारा, असं तिच्या अक्षरात. त्यासाठी गेल्या महिन्यात ब्रँचला वेगळं पत्र दिलंय, फक्त कार्ड आणि केसपेपर शोधून परत द्या म्हणून. साहेब आत होते, शिक्का मिळाला, इनवर्ड नंबर ३१८. पुढच्या सोमवारी परत जाणार आहे विचारायला.